मागच्या दाराचा निळा मग

त्रिशरण-पंचशील स्मरून, मी विद्युलता रत्नाकर गजभिये, वय ६५, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार अंबत्तूर, चेन्नई, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. खुब्याचे हाड मोडले आहे, डोके शाबूत आहे. कोणाचाही दबाव नाही. राग आहे. रागात लिहू नये म्हणून एक पौर्णिमा जाऊ दिली. तो गेला नाही.

१. राहते घर माझ्या यजमानांनी जवळच्या आवडी गावच्या रणगाडा कारखान्यातून निवृत्त होताना माझ्या नावे घेतले. ते मुलगा मकरंद यास मिळावे. वकिलांनी त्यात एक अट घातली होती, ती मी खोडायला लावली. दोरी बांधून दिलेले दान नव्हे.

२. बँकेतील ठेव नात अनन्या हिच्या शिक्षणास. विहारात माझ्या नावाचा पंखा किंवा पाटी लावू नये. माझ्या हिशेबात ‘दान’ असे खातेच नाही. दारी आलेल्याचे ताक, शेजारणीच्या बाळंतपणाचा डिंक, सारे घरखर्चात. मकरंद पौर्णिमेला पावती फाडून माइकवर नाव वाचून घेतो, ते त्याला लखलाभ.

३. यजमानांचे नाव कोरलेले कॉफीचे स्टीलचे पेले आणि त्यांखालच्या खोल वाट्या, म्हणजे इकडचे डबरे, सर्व संच, आमच्याकडे काम करणारी कनका हिला द्यावेत. कारण लिहिते.

कनका प्रथम आली तेव्हा मागच्या दारी स्वतःचा पेला घेऊन उभी राहिली. मी तिला आत बसवले आणि आमच्याच पेल्यात कॉफी दिली. पुढे रोज तसेच. यंदा मी पडले, स्वयंपाकघर सूनबाई ऋचाकडे गेले. खाटेवरून मला मागच्या दाराशी खिळ्याला कनकासाठी वेगळा टांगलेला निळा प्लॅस्टिकचा मग दिसला. विचारले, तर सूनबाई म्हणाल्या चिकुनगुनियाची साथ आहे. तो डासाने होतो, पेल्याने नव्हे. फ्रिजमधले परवाचे सांबारही कनकालाच. टाकायच्या आधी देणे ही सांडपाण्याचीच दुसरी वाट.

मकरंदला बोलावले. तो श्रीपेरुंबुदूरला मोठ्या कंपनीत साहेब आहे. म्हणाला, “आई, आपण तिला देतोच ना? नाही कुठे म्हणतो?”

कनका दारातून म्हणाली, “परवायिल्लै अम्मा, असू दे.” तिचे ते ‘असू दे’ माझ्याने ऐकवेना.

माझी आई नागपूरकडच्या गावी पाटलिणीच्या दाराबाहेर ओंजळ धरून उभी राही. वरून पाणी ओतत. ओतणारीही दान केल्याच्या समाधानात आत जाई. म्हणून तर आम्ही धम्म घेतला. अंगी बाणवायच्या दहा पारमितांत दान पहिले, ते मान खाली घालायला लावण्यासाठी नाही. आणि तो मग आता माझ्याच घरात टांगला आहे.

४. माझ्या नव्या साड्या, घडी न मोडलेल्या, कनकाला. नेसून जुन्या झालेल्या सूनबाईंना. त्यांची पायपुसणी छान होतात.

५. सदर निळा मग मकरंद यास देते. त्याने कॉफी त्यातच प्यावी अशी अट नाही. एकदा मात्र, मागच्या दारी उभे राहून, पिऊन पाहावी.

सही: विद्युलता र. गजभिये

साक्षीदार: १. तुकोजी, शेजारी, तंजावरकडचे मराठी. २. डॉ. नंदिता, माझ्यावर उपचार करणाऱ्या.

स्थळ: चेन्नई. बुद्धपौर्णिमा, २ मे २००७.

ता. क.: सह्या झाल्यावर कॉफी झाली. चार पेले लागले, कनकाचा धरून. मकरंद आला तेव्हा पाचवा धुतलेला नव्हता. तो मागच्या दाराकडे बघत उभा आहे.