फर्नेसपुढची उदबत्ती

मंगळवार, १७ जानेवारी १९८४, ईडन प्रेरी

चूक माझीच. बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या फर्नेसला बाहेरची हवा देणारा पाइप आहे. त्यातून बर्फाचा वारा येतो म्हणून पंधरा दिवसांपूर्वी मी त्यात जुनी गोधडी कोंबली. तेव्हापासून सुमतीचं डोकं रोज दुखतंय, आणि मी बायकोला चष्मा बदलायला सांगत होतो!

सकाळी फर्नेस तपासायला माणूस आला. देवघरातला वास येताच त्याने एक उदबत्ती मागितली आणि धुराड्याच्या तोंडाशी धरली. धूर आत जायचा सोडून आमच्याच अंगावर आला. बाहेरची हवा कोंडल्यामुळे फर्नेसचा विषारी वायूही तसाच घरात येत होता. त्याने फर्नेस बंद केली, खिडक्या उघडल्या, गोधडी ओढून काढली.

गावी आई चूल पेटवण्याआधी दार उघडायची. हे मी कसं विसरलो?

संध्याकाळी फर्नेस चालू करून मी पुन्हा उदबत्ती धरली. धूर सरळ आत गेला. देवाची कृपा. आता त्या पाइपला कुणी हात लावणार नाही.

सुमती जिन्यावरून म्हणाली, "अहो, देव वर आहेत. खाली कुणाची पूजा?"

"डोकं कसं आहे?"

"माझं थांबलं. तुमचं आलं का ठिकाणावर?"