उणे वीस किलो

३ मे

आलो एकदाचे. चार वर्षांत हे पाचवं गाव. आईने सगळे खोके उघडले, एक सोडून. त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलंय – 'नंतर'. दुसऱ्या गावापासून तो बांधलेलाच आहे. "आत काय आहे गं?" विचारलं, तर म्हणाली, "तू आधी वाटेतून उठ."

घर म्हणजे पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या फाटकाशी दोन खोल्या. फाटकातच ट्रक तोलायचा काटा. जमिनीत खड्डा, वर ही एवढी लोखंडी प्लेट. ट्रक तिच्यावर चढला की बाबांच्या केबिनीत लाल आकडे उमटतात. बाबा काटेवाले. मॅनेजर त्यांना म्हणाले, "तीन महिने बघू." मागच्या गावातही असंच म्हणाले होते, आणि दीड महिन्यातच बघून झालं त्यांचं!

४ मे

आज कुणाशीच बोलले नाही. भिंतीशी बोलले, पण ते धरायचं नाही. शाळा सुरू व्हायला अजून दीड महिना.

५ मे

एक वाजता बाबांना डबा द्यायला गेले, तर प्लेटखालून एक कुत्री बाहेर आली! खड्ड्याला साफसफाईसाठी बारकं दार आहे, त्यातून. आधी नाक. मग बराच वेळ काहीच नाही. मग बाकीची. एक कान उभा, एक पडलेला. रंग पुठ्ठ्याचा. माझ्या मागे मागे पाण्याच्या टाकीपर्यंत आली आणि माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपली. मला तीन तास हलता आलं नाही.

नाव ठेवणार नाही. दुसऱ्या गावात मांजरीचं ठेवलं होतं, तिसऱ्यात खारीचं. नाव ठेवलं की गाव सोडताना ते तोंडातून जात नाही.

९ मे

रोज एक ते चार. मी बोलते, ती झोपते. आधीची चारही गावं सांगून झाली. तिसऱ्या गावाला तिने जांभई दिली. बरोबरच आहे, ते होतंच तसलं.

१३ मे

जेवताना बाबांनी अर्धीच भाकरी खाल्ली. आईने खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "काटा उणे वीस दाखवतोय."

"म्हणजे?"

"दुपारी प्लेट रिकामी. ट्रक नाही, माणूस नाही, काही नाही. मग शून्य दाखवायला नको? हा म्हणतो, उणे वीस किलो. काहीच नसण्यापेक्षाही वीस किलो कमी!"

"असं कसं? काही नाही म्हणजे काही नाही."

"तेच तर मी त्याला सांगतोय," बाबा म्हणाले. काट्याला!

१४ मे

वायरमन आला. यंत्र उघडलं, आत बघितलं, बंद केलं. "यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही झोप वगैरे नीट घेता ना?" बाबांनाच विचारून गेला. मिशीवाले ड्रायव्हरकाका म्हणाले, उन्हाने असेल. बाबांनी केबिनीच्या खिडकीला चादर लावली. आता काटा सावलीत उणे वीस दाखवतो.

१७ मे

मॅनेजर ओरडतच आले. रद्दीने भरलेला ट्रक सकाळी काट्यावर चढतो, रिकामा होऊन दुपारी परत चढतो. दोन्हींची वजाबाकी म्हणजे माल. पण तोच माल गोदामात मोजला की दर ट्रकमागे वीस किलो कमी भरतो. दर ट्रकमागे!

"ही वीस किलो रद्दी जाते कुठे? तुम्ही खाता?"

"नाही साहेब," बाबा म्हणाले. बस, एवढंच. मला असा राग आला! बाबा तर घरच्या रद्दीलासुद्धा घड्या घालून ठेवतात.

"सव्वीस तारखेला वजनतपासनीस बोलावलेत. काटा सुधारला तर ठीक. नाहीतर सामान बांधा."

आईने कपाटावरची दोरी खाली काढली. आमच्याकडे दोरी कायम हाताशी असते. मला पुन्हा जायचं नाही. नाही म्हणजे नाही!

१८ मे

डबा देऊन केबिनीतच थांबले. प्लेट रिकामी, आकडा शून्य. खड्ड्याच्या दारात नाक आलं – शून्य. कान आले – शून्य. मग ती पूर्ण बाहेर आली.

उणे वीस.

अगं बाई!

ती प्लेटखालच्या आडव्या तुळईवर झोपते. सकाळी आठला बाबा शून्याचं बटण दाबतात तेव्हा ती आतच असते. म्हणजे काटा तिला धरूनच शून्य समजतो. मग एक वाजता ती बाहेर येते. माझ्यासाठी. आणि दुपारचे झाडून सगळे ट्रक वीस किलोने चुकतात.

चूक काट्याची नाही, बाबांची नाही. आम्हा दोघींची आहे. सांगितलं तर त्या दाराला पत्रा ठोकतील आणि हिला हाकलतील. नाही सांगितलं तर आम्हाला हाकलतील. आणि वर भूकही लागलीय, ही काय पद्धत झाली!

१९ मे

युक्ती! ती बाहेर आली की तिच्या जागी विटा. बाबा जेवताना पाठ करून बसतात. एक एक वीट तुळईवर सरकवायची, धावत जाऊन चादरीच्या फटीतून आकडा बघायचा, परत यायचं. सात विटांनी शून्य आलं. एक कुत्री म्हणजे सात विटा. चार वाजता ती आत, विटा बाहेर.

२० मे

जमलं. बाबा तीन दिवसांनी हसले.

२१ मे

हात तुटायला आलेत. लिहवत नाही.

२२ मे

सगळं ओम् फस्!

टाकीपाशी गांधीलमाशी तिच्या नाकाला चावली. ती केकाटत दोन वाजताच आत पळाली. विटा आत, कुत्रीही आत. मी धावले, पण ट्रक प्लेटवरून उतरला होता आणि काटा रिकामा असून अधिक वीस दाखवत होता. बाबा यंत्रापुढे हात जोडून उभे. "आधी उणे, आता अधिक! बाबा रे, तुझं म्हणणं तरी काय आहे?"

आई धावत आली. "अहो, यंत्राशी काय भांडताय? लोक बघतायत!"

तेवढ्यात मी दोन विटा घेऊन दारातून रांगत बाहेर आले. दोघं माझ्याकडे बघतच राहिले. मग मी सगळं सांगितलं, एका दमात, रडत. मधेच एक वीट पायावर पडली, म्हणून आणखी रडले.

बाबा खाली बसले. मला वाटलं आता मार बसणार. ते हसायलाच लागले. इतके, की डोळ्यांतून पाणी.

"पासंग आहे ही," म्हणाले. जुन्या तराजूचं एक पारडं थोडं हलकं असलं की त्याला दगडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. तो काढला की सगळं मापच चुकतं.

तर तिचं नाव पासंग. बाबांनी ठेवलं. मी नाही.

"आणि सव्वीसला काय सांगणार आहात?" आई म्हणाली.

"खरं ते."

"नोकरी जाईल."

"पासंगपण जाईल," मी म्हणाले.

२६ मे

हात दुखेपर्यंत लिहिणार आहे आज.

तपासनीस आले. ड्रायव्हर लोक त्यांना 'मिलिग्रॅम' म्हणतात. चष्मा, बॅटरी, एक जाडजूड पुस्तक, आणि स्वतःची खुर्ची. इथली खुर्ची एका बाजूला कलते म्हणे. बाबांनी घसा खाकरला आणि सरळ सांगून टाकलं, "साहेब, काट्यात कुत्री आहे."

मॅनेजरने कपाळाला हात लावला. मिलिग्रॅम मात्र जराही हसले नाहीत. कोट काढून त्याची घडी घातली आणि खड्ड्यात उतरले. बराच वेळ आतून नुसता उजेड हलत होता. वर आले तेव्हा गुडघे काळे, चेहरा गंभीर.

"हा प्राणी इथे कधीपासून?"

"सहा वर्षं," मिशीवाले काका म्हणाले. "मीच बिस्किटं टाकतो की."

"काट्याला सरकारी शिक्का पाच वर्षांपूर्वी मारलाय. त्या दिवशी हा प्राणी आत होता?"

"होती की! त्या साहेबांच्या डब्यातलं खाल्लं होतं तिने."

मिलिग्रॅमनी पुस्तक काढलं. बोट फिरवत मोठ्याने वाचलं – शिक्का मारतेवेळी जे काट्यावर असेल, ते काट्याचा भाग. "म्हणजे शिक्का कुत्रीसकट आहे. तिला हलवता येणार नाही."

"अहो, पण कुत्री आहे ती!" मॅनेजर ओरडले.

"तो तुमचा दृष्टिकोन झाला."

मग म्हणाले, शिक्का जुना झालाय, नवा मारतो. त्यासाठी पासंगला निवांत बसवायला हवं. ती कुणाचंच ऐकेना. म्हणून मी प्लेटच्या कडेला तिला मांडीवर घेऊन बसले. बाबांनी शून्याचं बटण दाबलं. मिलिग्रॅमनी ते बटण परत दाबता येऊ नये म्हणून त्यातून तार ओवली, शिशाची गोळी लावली, पकडीने कच्चकन दाबली. शिक्का!

चष्मा पुसला. मग मी दिसले.

"ही कोण?"

"माझी मुलगी," बाबा म्हणाले.

"ही शिक्का मारताना इथेच होती?"

"तुमच्यासमोरच तर होती साहेब."

पासंगचं पोट गुरगुरलं. मिलिग्रॅम खुर्चीत बसले. पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं. मी म्हणाले, "मी उठते हां काका."

"उठायचं नाही!" सगळ्यांत मोठ्याने ते तेव्हाच ओरडले. मग हळू आवाजात, "शिक्का एकदा मारला की मारला." आणि वहीत लिहिलं – भाग चौदा, कुत्री, वीस किलो. भाग पंधरा, मुलगी, तीस किलो.

मी अठ्ठावीस आहे खरं तर. पण हा काटा दहा-दहानेच मोजतो.

२९ मे

बाबांनी ट्रकच्या चाकांपासून लांब, प्लेटच्या कोपऱ्यात बाकडं बसवलं. भोवती लोखंडी कठडा. आठ ते सहा मी आणि पासंग तिथे. लघवीला जायचं तर बाबा लाल कापड दाखवून ट्रक थांबवतात. शी! अख्ख्या रस्त्याला कळतं.

पण गोदामातलं वजन आता बरोबर भरतं. रोज.

२ जून

मिशीवाल्या काकांनी त्यांच्या मुलीला आणलं. दोन वेण्या, एक दात नाही. तिला प्लेटवर यायला बंदी, म्हणून ती प्लेटच्या काठाबाहेर बसली आणि आम्ही सागरगोटे खेळलो. ती हरली की म्हणते, "तू सरकारी आहेस, तुला कोण हरवणार!" उद्या परत येणार आहे. मी बोलावलं नव्हतं, तीच म्हणाली.

९ जून

दोन दिवस ताप. बाबा रोजचे आकडे मिलिग्रॅमच्या खात्याला कळवतात. आज तिथून कागद आला – 'आपल्या काट्यावर काल उणे तीस नोंदले गेले. भाग क्रमांक पंधरा जागेवर नाही. कारण कळवावे.' बाबांनी कळवलं, 'ताप आहे.' संध्याकाळी दुसरा कागद – 'काळजी घ्यावी.'

चार गावं सोडली मी. कुठेच कुणाला कळलं नाही मी गेलेली. वर्गातल्या बाईंनासुद्धा नाही, त्या हजेरीत माझं नाव घेत राहिल्या असतील आणि कुणीतरी उगाच 'हजर' म्हणत असेल. इथे मी दोन दिवस नव्हते तर लाल आकड्यांत दिसलं! कागद उशीखाली ठेवलाय.

१५ जून

बदली.

मॅनेजर म्हणाले, "काट्यावर मुलगी बसवलेला कारखाना म्हणून लोक हसतायत. वरून आदेश आहे." एक तारखेपासून दुसऱ्या शाखेत. सहावं गाव. बाबांनी नुसती मान हलवली. आईने दोरी काढली. मला आईचाही राग आला, दोरीचाही.

पासंगला येता येणार नाही. ती इथलीच आहे, शिक्क्यासकट. मी म्हणाले होते ना नाव ठेवायचं नाही म्हणून! नाव मी ठेवलं नाही तरी रडायचं मलाच. बाबांना म्हटलं, "मिलिग्रॅमकाकांना कळवा ना, भाग पंधरा चाललाय म्हणून." बाबा म्हणाले, "कळवतो. नियमच आहे तसा."

१९ जून

मिलिग्रॅमकाका स्वतः आले, खुर्चीसकट. मॅनेजरना उभं करून वाचून दाखवलं – 'शिक्का असलेल्या काट्याचा कोणताही भाग खात्याच्या परवानगीशिवाय गावाबाहेर नेता येणार नाही. अर्जाचा निकाल लागण्यास साधारण सहा वर्षे. भाग पंधरा अज्ञान असल्याने तिचे आईवडील सोबत राहतील.' मग गाडीतून दहा-दहा किलोची तीन वजनं उतरवली. उद्यापासून मी शाळेत असताना बाकड्यावर ठेवायची.

आईने दोरी दारात बांधली, कपडे वाळत घालायला. मग 'नंतर'चा खोका उघडला. आत घड्याळ, आमचा तिघांचा फोटो आणि हातोडी. बाबा भिंतीत खिळा ठोकतायत.