जाड तळाचे बूट आणि कानातली बुचं

तीर्थस्वरूप मामा यांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच घातला आहे. प्रत्यक्षात कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच. पण तुम्ही तो पुरता वाकून घातला असं धरून आशीर्वाद पूर्ण द्यावा, अर्धा नको.) मामींचा गुडघा कसा आहे? तुमचं ब्लडप्रेशर, तुमची बाग, शेजाऱ्याशी कुंपणावरून चाललेला तुमचा वाद, सगळं आपापल्या जागी असेल अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे, तुमची भाचेसून बरी आहे आणि मीही बराच आहे म्हणायचं. पत्राच्या सुरुवातीला तसं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा.

फोन सोडून हा पत्राचा उद्योग कशाला, असं मामी विचारतील. त्यांना सांगा की तुम्ही फोनवर प्रत्येक गोष्टीला "हो, हो, उत्तम" म्हणता. मागे आईची दाढ काढली हे सांगितलं तेव्हाही तुम्ही "उत्तम, अभिनंदन" म्हणालात आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. (तुमच्याशी बोलून उपयोग नव्हता, म्हणून माझ्याशी.) उभा जन्म कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांशेजारी काढल्यावर माणसाच्या कानांचं काय होणार, हे आम्हाला कळतं. त्यामुळे रागावलेलं कोणी नाही. पण माझं जे काही झालंय त्याला "उत्तम" हे उत्तर मला परवडण्यासारखं नाही, म्हणून लेखी.

तुम्हाला ठाऊक आहे की मी बास गिटार वाजवतो. तुम्ही ती पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा बाकीच्या दोन तारा कोणी नेल्या असं विचारलं होतं. मामा, तिला मुळात चारच असतात. त्या जाड असतात आणि त्यांचा आवाज छातीच्या खाली कुठेतरी ऐकू येतो. कार्यक्रमात लोक गाणारीकडे बघतात, गिटारवाल्याकडे बघतात, कोणीच सापडलं नाही तर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात. माझ्याकडे बघण्याची वेळ सहसा येत नाही. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. पाया कोण बघतो, घर उभं आहे ना, एवढ्यावर मी समाधानी होतो.

आमच्या ग्रुपमध्ये सगळे पोटापाण्याचा दुसरा धंदा करून वाजवणारे. ड्रम वाजवतो तो प्लंबर, कीबोर्डवर गणिताचे मास्तर, आणि गाणाऱ्या मॅडम, ज्या दिवसा दातांच्या दवाखान्यात लोकांना बाकावर बसवून ठेवतात आणि उरलेल्या वेळात आम्हाला. या मॅडमनी अलीकडे ठरवलं की लोक गाणं कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकतात, म्हणून आपण सगळ्यांनी नीट दिसलं पाहिजे. सगळ्यांना काळी जाकिटं आली. माझ्याबद्दल त्यांचं मत असं पडलं की मी स्टेजवर मीटर बघायला आलेल्या माणसासारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणून मला बूट घ्यायला लावले. हे बूट तुम्ही पाहायलाच हवेत. काळे, घोट्याच्या वरपर्यंत, आणि तळ इतका जाड की मी घरात घालून उभा राहिलो तर तुमची सून म्हणाली, आता माळ्यावरची बॅग स्टूल न घेता काढाल. एवढ्यावर मॅडम थांबल्या नाहीत. आमच्या पायाशी जी यंत्रं असतात त्यांचे लाल-हिरवे दिवे म्हणे औषधाच्या दुकानासारखे दिसतात, म्हणून त्यांनी स्वतः वाकून सगळ्या दिव्यांवर काळी पट्टी चिकटवली. हे दिवे लक्षात ठेवा.

आता कानांकडे येतो. (मुद्दाम उशिरा येतोय हे तुम्ही ओळखलं असेलच.) बासवाल्याची जागा ठरलेली असते, ड्रमच्या शेजारी. म्हणजे त्या पितळी थाळ्यांच्या शेजारी, आणि आमचा प्लंबर थाळी अशी मारतो की तिच्यात तुंबलेलं काहीतरी मोकळं करायचं आहे. हे सगळं माझ्या डाव्या कानाशी, कित्येक वर्षं. मध्यंतरी एका बुटक्या छताच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात बारीक शिट्टी वाजायला लागली. मला वाटलं, नळ कुठेतरी अर्धवट बंद राहिलाय. सगळे नळ आवळले. शिट्टी चालूच. शेवटी धंद्यातलाच माणूस मित्र आहे म्हणून प्लंबरला बोलावलं. त्याने भांडी घासायच्या जागेखालचा पाइप उघडला, आत टॉर्च मारला, भिंतीला कान लावला, आणि मला विचारलं की नेमकं कुठे वाजतंय. मी म्हटलं, इथेच, सगळीकडे. त्याने तुमच्या सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, मला तर काहीच ऐकू येत नाही.

मामा, मी घाईघाईने म्हटलं, हां, थांबली आत्ताच. प्लंबरने पाइप परत जोडला, पण त्याला जोडणं म्हणणं धाडसाचं आहे, तेव्हापासून खाली बादली ठेवलेली आहे. म्हणजे शिट्टी होती ती होतीच, वर गळतीही आली. आणि घरच्यांसमोर मी असा वावरतो की जणू ती शिट्टी पाइपातून निघून कायमची परगावी गेली.

म्हटलं, आता तरी शहाणं व्हावं. वाद्यांच्या दुकानात गेलो आणि कानात घालायची बुचं मागितली. त्यांना वेगळं नाव आहे, पण आहेत ती बुचंच. दुकानदाराने समजावलं की साधी स्पंजची बुचं सगळंच घोंगडीखाली गेल्यासारखं करतात. वाजवणाऱ्यांसाठी वेगळी येतात, त्यांत बारीक जाळी असते, ती आवाज लहान करतात पण पुसत नाहीत. मग त्याने विचारलं, आधी कान तपासलेत का? मी म्हटलं, तपासायचेच आहेत. त्याने म्हटलं, आधी तपासा. मी म्हटलं, हो, हो. आणि बुचं घेऊन बाहेर पडलो. नारिंगी रंगाची छान होती, पण मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, नारिंगी अजिबात नको, गाजराचा तुकडा अडकल्यासारखं दिसेल. म्हणून कातडीच्या रंगाची घेतली. कोणाच्या कातडीचा तो रंग आहे, ते मात्र अजून कळलेलं नाही.

सवय व्हावी म्हणून घरात घालून बसलो. स्वतःचं चावणं असं ऐकू येतं की शेजारी कोणी लाकूड फोडतंय. तुमच्या सुनेचा समज झाला की खरेदी तिचं बोलणं ऐकू येऊ नये म्हणूनच आहे. मी परोपरीने सांगितलं की हा सगळा खटाटोप कान वाचवण्यासाठी आहे. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

मग एका कंपनीच्या स्नेहसंमेलनात आमचा दुपारचा कार्यक्रम आला. जाकीट, बूट, बुचं, सगळा जामानिमा करून मी स्टेजवर चढलो. आता एक बारीक गोष्ट समजून घ्या, तुम्ही यंत्रावरचे माणूस आहात, तुम्हाला पटकन समजेल. आमच्या पायाशी तार सुरात लावायचं एक पेडल असतं. ते पायाने दाबलं की गिटारचा आवाज बाहेर जाणं बंद होतं, म्हणजे लोकांना आपली पिरपिर ऐकावी लागत नाही. तार लावून झाली की पुन्हा दाबायचं, आवाज सुरू. बंद असताना त्याचा लाल दिवा लागतो. (हाच तो, पट्टीखालचा.) मी दाबलं, तारा लावल्या, पुन्हा दाबलं. निदान मला वाटलं की दाबलं. त्या जाड तळाखाली पेडल होतं, वायर होती की स्टेजची फळी, देवाला ठाऊक. पायाला काही कळत नव्हतं, डोळ्याला दिवा दिसत नव्हता आणि कानांत बुचं होती.

मामा, त्या दुपारी मी वाजवलं तसं आयुष्यात वाजवलं नाही. बुटातून धडधड वर येत होती, छाती भरून येत होती, बोटं कशी लोण्यातून फिरत होती. मी चक्क डोळे मिटून मान हलवली, जे मी कधी करत नाही. ती धडधड प्लंबरच्या मोठ्या ड्रमची होती. हे मला सामान आवरताना कळलं, पट्टी सोलली आणि खाली लाल दिवा दिसला तेव्हा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत माझा एक स्वरही त्या हॉलमध्ये गेला नव्हता.

आणि कोणाला पत्ता नाही. बासबद्दल म्हणतात, असून अडचण आणि नसून खोळंबा. माझा तर खोळंबाही झाला नाही. मास्तर म्हणाले, आज डावा हात मोकळा वाटला. प्लंबर म्हणाला, आज तू छान दबून वाजवलंस. मॅडम तर माझ्याजवळ आल्या आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आज पहिल्यांदा मला माझा आवाज नीट ऐकू आला. तुम्ही नेमकं काय केलंत?" मी बोट कानाकडे नेलं. त्यांना वाटलं, बुचांमुळे मी अंदाज घेऊन, बेताने वाजवलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी बुचं घेतली. ग्रुपमध्ये आता माझ्या समजूतदारपणाचे दाखले देतात. मी तोंड उघडलं तर हसं होईल, आणि नाही उघडलं तर पुढच्या कार्यक्रमात खरा आवाज सुरू होताच म्हणतील, हा बिघडला.

तर असं आहे. मूळ काम राहिलंच: तुमच्या शेडमध्ये ती चाकांची लोखंडी ढकलगाडी पडून आहे, ती मला देऊ शकाल का? माझा स्पीकरचा पेटारा कपाटाएवढा आहे आणि त्यानेच कंबर धरली आहे. गाडी न्यायला मी स्वतः येईन. मामींना नमस्कार सांगा, कुंपणाच्या बाबतीत माघार घेऊ नका, आणि या वाकलेल्या भाच्यावरची मर्जी सरळ ठेवा.

तुमचा,
चार तारांचा भाचा

ता. क. ढकलगाडी नाही मिळाली तरी चालेल. प्लंबरकडे आहे.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं होतं ते असं. कोणाला कळलं नाही याचं मला एवढं काही नाही. मी वाजत नव्हतो हे मला कळलं नाही, त्याने माझी झोप उडाली आहे. ही बुचं तर आवाज नुसता लहान करतात, पुसत नाहीत, असं दुकानदार म्हणाला होता. मग मला कळायला हवं होतं ना? मामा, तुमचं कसं सुरू झालं होतं? आधी शिट्टी आली की आधी काही जायला लागलं? तुम्ही कधी कोणाला सांगितलं नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही, नुसते हसलो. मला फार भीती वाटते आहे. वाजवण्याशिवाय मला दुसरं काही येत नाही असं नाही, पण दुसरं काही आवडत नाही.

ता. क. तिसरा. मी एक युक्ती काढली आहे. कानांच्या डॉक्टरकडे आपण दोघं जाऊ. तुम्ही मामींना सांगा, भाच्याला एकट्याने जायला धीर होत नाही, म्हणून सोबत चाललोय. मी इकडे सांगतो, मामांना सोबत हवी आहे. म्हणजे दोन्ही घरांत कोणी घाबरणार नाही, आणि आई इतकी वर्षं तुमच्या मागे लागली आहे तीही गप्प बसेल. पण हे गुपित ठेवा, विशेषतः तुमच्या सुनेपासून.

ता. क. शेवटचा. पाकीट बंद करणार होतो, तेवढ्यात तुमची सून म्हणाली, कपड्यांचं मशीन झालं, कपडे काढा. मशीन झालं हे हिला आतल्या खोलीत बसून कसं कळतं याचं मला बरेच महिने नवल वाटायचं. म्हटलं, बाईला अंदाज आहे. आज सहज विचारलं. ती म्हणाली, वाजतं की ते. मी म्हटलं, हो हो, वाजतं, मला माहीत आहे. तिने मला मशीनपाशी नेऊन भिंतीकडे तोंड करून उभं केलं. म्हणाली, याचं प्रत्येक बटण दाबलं की बारीक वाजतं, वाजलं की तेवढं सांगा. मी कान टवकारून उभा राहिलो. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आलं ऐकू?" मी म्हटलं, आलं, अगदी स्पष्ट.

ती म्हणाली, "मी अजून दाबलंच नाही."

मग बराच वेळ ती माझा हात धरून तिथेच उभी राहिली. सोबतीला तीही येणार आहे, मामा. तुम्ही लवकर या.