विणायच्या सुयांवरचं मटण

बाबा,

आज घरात तुमच्या मटणाचा वास सुटलाय, म्हणून लिहायला बसले. तुमची नात बाल्कनीत विजेची शेगडी मांडून उभी आहे आणि मला तिने आत हाकललंय. "मम्मा, मी इंडियन स्पाइस्ड स्टेक स्क्यूअर्स करतेय, तू मध्ये येऊ नकोस यार." आईला यार म्हणणारी पोरगी, तिला काय बोलणार! तरी डोकावलेच. बघते तर बकऱ्याच्या मांडीचे जाड काप, त्यांचे चौकोनी तुकडे, दही, आलं-लसूण, किसलेली कच्ची पपई आणि वर आपला साताऱ्याहून आलेला कांदा-लसूण मसाला. म्हटलं, अगं, हे तर तुझ्या आजोबांचं! तर म्हणे, "बिल्कुल नाही, मी फोनवर बघून केलंय." घ्या. म्हणजे तुम्ही बाल्कनीत बनियनवर उभे राहून जे करायचात त्याला आता असं भारी नाव आहे. कोळशाला मात्र आमच्या सोसायटीत बंदी आहे. एकोणिसाव्या मजल्यावर धूर दिसला तर खालून तिघे वॉचमन शिट्ट्या वाजवत येतात. मी तिला म्हटलं, निखाऱ्यावरची चव याला नाही यायची. तिने विचारलं, "निखारा म्हणजे?" आता बोला.

आपण सरकारी क्वार्टर सोडून इथे आलो तेव्हा हे गुरुग्राम झालं नव्हतं, गुडगावच होतं. तुमच्या मंत्रालयातल्या लोकांनी मिळून सोसायटी काढलेली, समोर मोहरीची शेतं, पाण्याला टँकर आणि वीज तर येण्यापेक्षा जाण्यातच जास्त. आई सगळ्यांना सांगायची, "दिल्लीत नेतो म्हणून लग्न केलं आणि म्हातारपणी रानात आणून टाकलं." तुम्ही मात्र खुशीत. क्वार्टरमध्ये खालचे-वरचे बारा महिने शाकाहारी, त्यामुळे तुम्ही जन्मभर दारं-खिडक्या लावून मटण शिजवलंत. इथे स्वतःची बाल्कनी मिळाली आणि पहिल्याच रविवारी तुम्ही तिथे कोळशाची अंगीठी मांडलीत. शिगा नव्हत्या, तर आईच्या स्वेटर विणायच्या स्टीलच्या सुया उचलल्यात. "अगं बघ ना, टोकाला बटण आहे, तुकडा घसरत नाही. याहून चांगली शीग कुठे मिळेल?" आईने कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "मग या थंडीत स्वेटरही बकऱ्यालाच घाला." तुम्ही इतके हसलात की पंखा हलवायचा राहिला आणि कोळसे विझले.

त्याच वर्षी मी माझ्या लग्नाचं काढलं. मी त्या परदेशी कंपनीच्या नव्या ऑफिसात लागले होते आणि मुलगा माझ्याच टीममधला, पंजाबी. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात आणि पहिला प्रश्न काय विचारलात? "पेन्शन आहे का?" नाही म्हटल्यावर तुमचं तोंड असं झालं, जसं काही तो बेकारच आहे. जातीचं तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत, ते मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. तुमची अट एकच. "त्याच्या आईबापांना आपल्याकडे जेवायला बोलाव. माझ्या हातचं खाताना मला त्यांना बघायचंय. मग हो की नाही ते सांगतो." आणि तेही श्रावणाच्या आधी, आखाडातल्या शेवटच्या रविवारी. कारण एकदा श्रावण लागला की मटण बंद, मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र, आणि तुम्ही कॅलेंडर उलटत म्हणालात, "मग दिवाळीनंतर बघू." दिवाळीनंतर! त्याला महिनाअखेर सिंगापूरला पाठवत होते, दोन वर्षांसाठी. त्याच्या घरी एका मामीने आपल्या भाचीचं स्थळ आणून ठेवलं होतं, आणि ती मामी रोज फोन करत होती. तो जायच्या आधी आमची बोलणी झाली नाहीत तर संपलं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

पुढचं तुम्ही सांगायचात तसंच सांगते, कारण ही गोष्ट तुमची आहे. शनिवारी तुम्ही बसने दिल्लीत आयएनए मार्केटला गेलात आणि अडीच किलो मटण आणलंत, मांडीचं, बिनहाडाचं, आपल्यासमोर कापून घेतलेलं. रविवारी सकाळी पपई लावून घड्याळ समोर ठेवलंत. "दोन तास. वर एक मिनिट नाही, नाहीतर त्याचा लगदा होतो." सुकं खोबरं भाजून वाटलंत, त्यात मसाला, दही, मोहरीचं तेल. आईने मदत करायला हात पुढे केला तर तिला म्हणालात, "आज हा माझा सेक्शन आहे." तिने स्वतःच्या समाधानासाठी स्वयंपाकघरात वरण-भात आणि कोशिंबीर केली आणि पाहुण्यांना चपात्या मऊ लागतात का, हे तीनदा विचारलं. बारा वाजता तुम्ही पहिल्या सुया अंगीठीवर ठेवल्यात. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की जो चर्र आवाज होई त्याला तुम्ही मान डोलवायचात. घर, जिना, खालचं पार्किंग, सगळीकडे वास. तिसऱ्या मजल्यावरचे बंगाली काका वर बघून ओरडले, "क्या बात है, दादा!"

आणि एक वाजता ते तिघं आले. त्याच्या आईने मिठाईचा डबा आणलेला, वडील सफारी सूटमध्ये घामाघूम. तुम्ही हातात सुई घेऊनच दार उघडलंत, सुईवर सहा तुकडे, वर लिंबू पिळलेलं, आणि म्हणालात, "आइए, आइए, पहले गरम गरम एक!" त्याच्या आईचा हात पदराशी गेला. मग ती हळूच म्हणाली, "भाईसाहब, हमारा तो सावन चल रहा है."

तुम्हाला आधी काही कळेना. तुम्ही म्हणालात, "नहीं नहीं, सावन तो अगले हफ्ते से है." मग तिने समजावलं की पौर्णिमेलाच लागला, त्यांचा महिना पौर्णिमेला बदलतो. आपला बदलतो अमावास्येला. म्हणजे आपण आखाड साजरा करत होतो तेव्हा त्यांचा निम्मा श्रावण संपत आला होता. तीस वर्षं या शहरात नोकरी केली, रोज त्यांच्यातच उठबस, आणि हे तुमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तुमचा चेहरा मी आजही विसरले नाही. सुई टेबलावर ठेवलीत, मसाल्याचे हात तसेच जोडलेत आणि म्हणालात, "माफ़ कीजिए, बहनजी. मुझसे बड़ी ग़लती हो गई." एवढे वाकलात की मलाच लाज वाटली.

पण आई! काय बाई होती ती त्या दिवशी. "थांबा," म्हणाली आणि बेडरूममध्ये गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तुमचा अर्धा विणलेला राखाडी स्वेटर होता. आमच्या देखत तिने सर्रकन त्याच्या दोन्ही सुया ओढून काढल्या. टाके सुटले, महिन्याभराचं काम गेलं, आणि ती त्याच्या आईला म्हणाली, "ये सुई को मटण का हाथ भी नहीं लगा." तिचं हिंदी तसंच होतं. मग उकडलेले बटाटे, पनीर आणि सिमला मिरची यांना दही, मीठ आणि आपला गोडा मसाला चोळला, कांदा नाही की लसूण नाही, आणि सुया गॅसवर धरल्या. त्याची आई न सांगता स्वयंपाकघरात गेली आणि दुसरी सुई तिने धरली. बटाट्याची कड करपली की दोघी "हाय हाय" करून हसत होत्या. तिने पहिला तुकडा फुंकर मारून खाल्ला आणि विचारलं, "बहनजी, इसमें क्या डाला है?" जाताना ती गोडा मसाल्याची बरणीच घेऊन गेली. आईने दिली म्हणण्यापेक्षा तिने मागून घेतली म्हणा. अजून दर वर्षी मागते.

बाहेर बाल्कनीत वेगळीच गंमत. त्याचे वडील हवा खायला म्हणून तुमच्यापाशी आले, अंगीठीकडे बघत राहिले आणि तुमच्या कानाशी लागले, "भाईसाहब, सावन तो मैडम का है. एक पीस. अंदर मत बताइएगा." तुम्ही दाराला पाठ लावून उभे राहिलात आणि त्यांनी आठ तुकडे खाल्ले. उरलेलं मटण तुम्ही ताटं भरभरून बिल्डिंगमध्ये वाटलंत. बंगाली काका दुसऱ्यांदा आले ते डबा घेऊनच.

ते गेल्यावर मी तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही आरामात दात कोरत होता. म्हणालात, "माणसं चांगली आहेत. पवित्र महिन्यात मटणाच्या वासात बसवलं, पण कोणी नाक मुरडलं नाही. उलट सुया भाजायला उभी राहिली ती बाई. पेन्शनचं बघू." मी रडले. आई म्हणाली, "आता रडतेस काय, स्वेटर विणायला लाग." महिनाअखेरच्या आत साखरपुडा झाला.

नंतर तुम्ही ही गोष्ट किती वेळा सांगितलीत! लग्नात, बारशात, दर आखाडात, जावयाला तर दर खेपेला. "मी असा मूर्ख, पंचांग न बघता पंजाब्यांना सावनात मटण वाढलं!" शेवटच्या आजारपणातही नर्सला सांगून हसवलंत, आणि स्वतः हसताना खोकला आला म्हणून तिने तुम्हाला दटावलं.

हे पत्र कुठेच जाणार नाही म्हणून लिहिते, बाबा. मला माहीत होतं. गुरुवारी ऑफिसच्या कँटीनमध्ये त्याने मला सांगितलं होतं, "रविवारी नको, सावन आहे, मम्मी महिनाभर खात नाही. पुढे ढकल." मी म्हटलं, ढकललं तर दिवाळी येईल, तू फक्त त्यांना घेऊन ये आणि जेवायला काय आहे ते घरी सांगू नकोस. शनिवारी तुम्ही पिशवी घेऊन बसला निघालात तेव्हा मी गॅलरीतून हात हलवला. पपई लावताना तुम्ही माझ्याकडे घड्याळ मागितलंत, ते मी आणून दिलं. आमच्यातलं हे तुमच्या जावयाने आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुमची गोष्ट चालू असली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचं टाळायचो. तुम्ही रागावाल अशी भीती नव्हती. तुम्ही चष्मा पुसत एवढंच विचारलं असतंत, "मला सरळ सांगायचं होतंस, मी नाही म्हणालो असतो का?" आणि तुम्ही नाही म्हणाला नसतात. हात तुम्ही जोडलेत. ते मी जोडायला हवे होते.