दुसरीच्या वर्गातला निर्धोक ख्रिसमस

१ डिसेंबर, सोमवार

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. पोटात गोळा आला. भुकेचा असणार, डबा खायचा राहिला होता.

बाई म्हणाल्या, सर, दुसरीच्या पालकांच्या तक्रारी आहेत. एक मूल झोपाळ्याजवळ जात नाही. एक पेन्सिलीला टोक काढू देत नाही. एकीनं मामाच्या लग्नात स्टेजवर चढायचं नाकारलं. म्हणाली, आधी कुणीतरी फळ्या तपासा.

मला आतून अभिमानच वाटला. पण चेहरा गंभीर ठेवला.

बाई म्हणाल्या, तेवीस तारखेला पालक येतील. वर्गात ख्रिसमसचा कार्यक्रम करा. मला भाषणं नकोत, मुलं हसलेली हवीत. हसली तर वर्ग तुमच्याकडे. नाहीतर जानेवारीपासून तुम्ही परीक्षा विभाग बघा, वर्ग शेजारच्या टीचर घेतील.

परीक्षा विभागाच्या खोलीला खिडकी नाही. ते चालेल, वारा लागत नाही. पण तिथे मुलंही नाहीत. आठवीला इतिहास शिकवायचो तेव्हा मुलं माझ्याकडे बघत बसायची, आणि मी घड्याळाकडे. दुसरीतली मुलं मी सांगितलेलं सगळं खरं मानतात. हे सोडून जायचं म्हणजे—

असो. संकल्प: यंदाचा ख्रिसमस आनंदी आणि निर्धोक.

३ डिसेंबर, बुधवार

उपक्रम ठरवायला बसलो. कागदी चांदण्या: टोकं असतात. गोल चांदण्या करू. चमकी: डोळ्यात जाते. दिव्यांची माळ: करंट. मेणबत्ती: विचारसुद्धा नको. ख्रिसमस ट्री: पडला तर? आडवा ठेवू.

बायकोला यादी वाचून दाखवली. ती म्हणाली, आणि सँटा हेल्मेट घालून येणार का? मी म्हणालो, सँटा येणारच नाहीये. तिनं विचारलं, का रे, तुला त्याचीही भीती वाटते? मी शांतपणे सांगितलं की भीती वेगळी आणि काळजी वेगळी. ती म्हणाली, हो, तुझ्याकडे दोन्हीचा साठा आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

सँटाचा प्रश्न रात्रभर छळत होता. मुलांशी खोटं बोलायचं का? एकीकडे आपण शिकवतो, अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका. दुसरीकडे सांगतो, दाढीवाला म्हातारा पोतं घेऊन घरात शिरेल, तुम्ही गाढ झोपा. हे मला पटत नाही.

म्हणून आज वर्गात स्पष्ट सांगून टाकलं: यंदा बाहेरचं कुणीही वर्गात येणार नाही. कुणी आलंच, तर तो सँटा नव्हे.

वर्ग एकदम शांत झाला. प्रामाणिकपणाचा परिणाम.

८ डिसेंबर, सोमवार

प्रामाणिकपणाला सरावाची जोड हवी. आजपासून अनोळखी माणसाचा सराव सुरू केला. अनोळखी माणूस दिसला की जोरात ओरडायचं, मागे सरायचं, मध्ये दार असेल तर कडी लावायची आणि मावशींना हाक मारायची. मावशी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या शिपाई.

शिवाय परवलीचा शब्द. जो शब्द सांगेल तो आपला. दर सोमवारी एका मुलानं नवा शब्द ठरवायचा. पहिला मान तोफेला दिला. (हा मुलगा कुजबुजला तरी खालच्या मजल्यावर ऐकू जातं, म्हणून तोफ.) शब्द ठरला ‘जिराफ’. पाच मिनिटांत शेजारच्या वर्गालाही कळला.

सरावात अनोळखी माणूस मीच झालो. मुलं इतकी ओरडली की माझे हातपाय गार पडले. कडीला तेल घातलं आहे, छान सरकते.

१० डिसेंबर, बुधवार

गोल चांदण्या झाल्या. फुटलेल्या बशांसारख्या दिसतात. आडवं झाड भिंतीशी ठेवलं आहे. शेजारच्या टीचर डोकावल्या आणि म्हणाल्या, अरेरे, कधी पडलं?

त्यांच्या वर्गात कात्र्या आहेत. खऱ्या. मुलं मोठ्यानं हसत असतात. भिंतीतून ऐकू येतं. ऐकताना माझी छाती धडधडते; केव्हाही रडण्याचा आवाज येईल म्हणून वाट बघतो. अजून आलेला नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज हसण्याचा सराव घेतला. हसताना तोंडात काही नको, ठसका लागतो, हे आधी सांगितलं. मग म्हणालो, हसा.

कुणी हसेना. तोफेनं हात वर करून विचारलं, सर, किती वेळ?

चिऊ नावाप्रमाणेच आहे, आवाज फुटतच नाही. जूनपासून ती माझ्याशी जेमतेम एखादं वाक्य बोलली असेल. ती मात्र माझ्याकडे बघून किंचित हसली. माझ्या शर्टाला डिंकानं एक चांदणी चिकटली होती. ती लगेच काढून टाकली. शिस्तीचा प्रश्न आहे.

१८ डिसेंबर, गुरुवार

मोठ्या बाईंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, सँटा कोण होतंय? मी म्हणालो, या वर्षी शैक्षणिक कारणांमुळे... त्या म्हणाल्या, सर, पालक कॅमेरे घेऊन येणार आहेत. सँटा हवा. सरप्राइज हवं, मुलांना आधी सांगू नका.

धाबं दणाणलं. म्हणजे, विचारचक्र सुरू झालं. बाहेरचा माणूस नकोच, मी मुलांना शब्द दिला आहे. मग उरलो मी. मी बाहेरचा नाही, म्हणजे शब्दही मोडत नाही. सारासार विचार केला की मार्ग निघतो.

सरावाचं काय, असा एक विचार मनात येऊन गेला. पण मुलं मला ओळखतीलच. रोज बघतात.

२० डिसेंबर, शनिवार

पोशाख भाड्यानं आणला. सुधारणा केल्या. घुंगरू काढले, मुलं दचकतील. कापसाच्या दाढीचे तंतू छातीत जातात, म्हणून दाढीच्या आत मास्क. टोपी सैल, ती डोळ्यांपर्यंत आली. तशीच राहू दे, थंडी आहे.

आरशात पाहिलं आणि मागे सरलो. बायको दारातून म्हणाली, बँक कुठली ठरवलीय?

२२ डिसेंबर, सोमवार

नवीन परवलीचा शब्द ठरवायची पाळी चिऊची. तिनं माझ्या कानात सांगितला, मग एकेका मुलाच्या कानात. वर्गभर फिरून तिनं तो सांगितला, न घाबरता. मला भरून आलं. तिला म्हणालो, सुंदर शब्द आहे, कायम लक्षात राहील.

घरी येऊन दाढीला इलॅस्टिक शिवलं. सैल होत होतं. तीनदा उसवलं. सुई बारीक आहे म्हणून.

२३ डिसेंबर, मंगळवार, संध्याकाळ

जे घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

योजना साधी होती. वर्गाच्या मागे साहित्याची खोली आहे, तिचं दार वर्गातच उघडतं. मी तिथे आधीच जाऊन पोशाख घालायचा, मावशींनी मुलांना आत आणायचं, पालक आणि मोठ्या बाई व्हरांड्यात खिडक्यांशी उभ्या राहणार. मग मी पोतं घेऊन बाहेर. पोत्यात प्रत्येकासाठी खोडरबर. (बोथट.)

मी दार उघडून वर्गात आलो. घुंगरू नसल्यामुळे कुणाला चाहूल लागली नाही. मास्कमुळे माझं ‘मेरी ख्रिसमस’ म्हणजे नुसतं ‘हंऽऽ’ झालं. शेवटच्या बाकावरच्यानं मान वळवली.

किंकाळी फुटली. मग सगळ्यांची मिळून, सरावात फुटली होती त्याहून मोठी. मी दोन पावलं मागे खोलीत गेलो, मुलांना मोकळी जागा मिळावी म्हणून. तोफेनं झेप घेऊन दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. तेल मीच घातलं होतं.

खोलीत अंधार, मास्क, दाढी. श्वास पुरेना. बाहेर तोफ विचारत होता, परवलीचा शब्द सांगा! मी आठवू लागलो. जिराफ, असं ओरडलो. तो म्हणाला, तो जुना झाला, चोराला जुनाच माहीत असतो! चिऊ काल काय म्हणाली होती? डोक्यात इलॅस्टिकशिवाय काहीही येईना. मी फळं म्हणून पाहिली, प्राणी म्हणून पाहिले, शेवटी नद्यासुद्धा. मोठ्या बाईंचा आवाज आला, हे काय चाललंय? मावशी म्हणाल्या, बाई, थांबा, दांडा आणते.

दांडा ऐकल्यावर मी दार बडवू लागलो. आरडाओरडा केला, तो सावध करण्याच्या हेतूनं होता. मग पावलं धावताना ऐकू आली, सगळी मुलं मावशींच्या दिशेनं, बाकांमधून. दाढी मास्कसकट ओढून काढली आणि जिवाच्या आकांतानं ओरडलो, धावू नका! पडाल! बाकाचा कोपरा लागेल! तुझी लेस सुटलीय बघ!

धावणारी पावलं थांबली.

मग तोफ म्हणाला, अरे, हे तर सर आहेत!

आणि ती हसली. सगळी. आधी एक, मग दोघं, मग भिंती हलतील इतकी. खिडकीबाहेर पालकही. आतून ऐकताना मला कळेना, हे थांबावं की थांबू नये.

कडी सरकली. दारात चिऊ उभी होती. तिनं माझा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, घाबरू नका सर, आम्हीच आहोत.

मी घाबरलो नव्हतो, हे तिला नंतर समजावणार होतो. राहून गेलं.

निष्कर्ष: सराव शंभर टक्के यशस्वी. मुलं हसली. वर्ग माझाच.

२४ डिसेंबर, बुधवार

मोठ्या बाई म्हणाल्या, सर, मुलं हसली, हे खरं. पण ती माणूस कोंडून हसली. जानेवारीपासून परीक्षा विभाग.

त्या असंही म्हणाल्या की एक-दोन पालकांनी तुमचं कौतुक केलं, पोरं फार शूर झालीत म्हणे. मी आभार मानले. परीक्षा विभागात गोपनीयता लागते, माझ्यासारखा माणूस हवाच होता. खिडकी नाही ते बरंच.

वर्गात वस्तू गोळा करायला गेलो. सुट्टी लागली होती, मुलं निघाली होती. शेजारच्या टीचरनी झाड उभं केलं होतं. पडलं नव्हतं. बराच वेळ बघत उभा राहिलो, तरी पडलं नाही.

चिऊ परत आली. म्हणाली, सर, तुम्ही आता बाहेरचे ना? मी हो म्हणालो. तिनं मला खाली वाकायला लावलं आणि कानात शब्द सांगितला. म्हणाली, हा आता बदलायचा नाही असं आम्ही ठरवलंय. तुम्ही दार वाजवा आणि एवढं म्हणा. मग आम्ही आत घेऊ.

तो शब्द सुरक्षेच्या कारणास्तव इथे लिहीत नाही.

रात्री

आठवत नाहीये.