फ्रिजच्या दारातल्या दोन बाटल्या

दादा,

बाबांना विसर पडायला लागलाय, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं?

ठमीची साखर सारखी खालीवर होतेय. डॉक्टर म्हणाले, मांजराचा डोस मनानं वाढवू नका. कोणीच वाढवला नव्हता. आज सकाळी बाबांनी तिला इन्सुलिन टोचलं, चहा घेतला आणि पुन्हा सिरिंज भरली.

"बाबा, आत्ताच दिलंत की!"

"घरातली पहिली पदवीधर झालीस म्हणून बापाला शिकवतेस होय गं?"

मी अडवेपर्यंत सुई टोचूनही झाली होती.

दुपारी ठमी कपाटामागे पाय झटकत पडलेली सापडली. मी तिच्या हिरड्यांना मध चोळत राहिले, तेव्हा कुठे तिनं मान उचलली. बाबा जवळ येऊन काळजीनं म्हणाले, "सकाळचं इंजेक्शन द्यायचं राहिलं वाटतं."

फ्रिजच्या दारात तिच्या बाटलीशेजारीच बाबांची स्वतःची बाटली असते. ते स्वतःला किती वेळा टोचून घेतात, कोण बघतं?

हे पत्र मी पाठवणार नाही. तू लगेच त्यांनाच फोन लावशील.

आत्ता ते फ्रिज उघडून उभे आहेत. दोन्ही बाटल्या मी मघाशीच समोरच्या नर्सकाकूंकडे ठेवून आलेय.

तुझी,
धाकटी