साक्षीला घरी बसवू नका

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

कंपासपेटी शेखर सरांच्या कानाजवळून गेली आणि फळ्यावर आपटली. लागली नाही. लागली असती तर काय झालं असतं, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांनी चहा पिता पिता दहा वेळा बोलून घेतलं.

फेकणारी माझ्याच वर्गातली. नववी ब, साक्षी. वय चौदा, आवाज चाळीस पोरींचा. गणिताच्या तासाला झोपली होती. सर म्हणतात, "मी फक्त उठ म्हणालो." फक्त! वर्गातल्या मुलींनी मला वेगळं सांगितलं – सर तिला म्हणाले, "आई कंपनीत खोके भरते ना, तूही तेच भर."

पूनम मॅडमनी पाच मिनिटांत विषय संपवला. मुख्याध्यापिका झाल्यापासून त्यांचे सगळेच विषय पाच मिनिटांत संपतात. दहा दिवस सस्पेंड. मी हजेरीपटावर तशी नोंद केली.

मंगळवार, ५ ऑगस्ट

साक्षीची आई आली. चाकणला पॅकिंगमध्ये आहे, कंत्राटी. फोन गेटवर जमा करावा लागतो, म्हणून कालचा मेसेज तिला सुटल्यावर दिसला. आज अर्धा दिवस बुडवून आली. बीडकडची बाई. खुर्ची दिली तरी बसली नाही.

"बाई, हाणा तिला, उन्हात उभी करा. पण घरी बसवू नका. घरी तिचे पप्पा झोपलेले असत्यात."

मला कळेना. मग तिनं सांगितलं. तळवड्यात एक खोली. नवऱ्याची शिफ्ट आठवड्याला बदलते, हिची पण. म्हणजे घरात कायम कोणीतरी झोपलेलं. भांडं वाजलं की शिवी. टीव्ही आवाज बंद करून बघायचा. पोरगी कळायला लागल्यापासून कुजबुजत बोलते. अभ्यास जिन्याच्या पायरीवर, मनातल्या मनात.

आणि ती शाळेत येऊन ओरडते म्हणून आम्ही तिला घरी पाठवतोय!

अकरा वर्षं या शाळेत आहे मी. एकाही पोराला कधी विचारलं नाही, तुझ्या घरी आत्ता झोपलंय कोण? लाज वाटली.

बुधवार, ६ ऑगस्ट

मॅडमशी भांडले. म्हटलं, सस्पेंड करू नका, माझ्याकडे द्या. प्रार्थनेआधी अर्धा तास मी तिला घेते. सरांच्या समोर बसवते, दोघांना बोलू दे. डोकं तापलं की वर्गातून उठून सरळ माझ्याकडे यायचं, परवानगी मागायची नाही. फळ्याला खोक पडलीय, ती आम्ही दोघी बुजवू.

"विजयश्री मॅडम, एका पोरीसाठी एवढं?"

तरी मानल्या. सहा आठवडे. एकच अट – रोजची नोंद हवी. तारीख, वेळ, काय घडलं, खाली सही. मी म्हटलं, हवी तेवढी देते. दोनशे पानी वही आणली.

सोमवार, ११ ऑगस्ट

आली. बसली. बोलली नाही. वहीत लिहिलं – बोलली नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

शेखर सरांना समोर बसवायला आठवडा गेला. "माफी तिनं मागायची, मी कशाला बसू?" बसले एकदाचे, घड्याळाकडे बघत.

साक्षीनं माफी मागितली. मग म्हणाली, "सर, मला काय बोलायचं ते बोला. आईचं नाव नका काढू."

सरांनी घड्याळावरची नजर काढली. मग म्हणाले, "माझी आई दापोडीला स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसायची." आणि उठून गेले.

मला हा माणूस आवडत नाही. आज थोडा आवडला. उद्यापर्यंत उतरेल ते.

बुधवार, २० ऑगस्ट

आज सुचलं ते आधी का सुचलं नाही? तिला सायकल स्टँडमागे नेलं. भिंतीपलीकडे वर्कशॉप आहे, प्रेसची धडधड दिवसभर चालू. भूगोलाचं पुस्तक हातात दिलं आणि म्हटलं, या मशिनीच्या वरताण वाच.

आधी लाजली. मग सुरू झाली. नद्या, खोरी, पर्जन्यमान – गळ्याच्या शिरा ताठ करून पाच पानं. शिपाई पळत आला, काय झालं म्हणून. तो गेल्यावर ती हसली. नववीत आल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिली.

"बाई, अजून एक धडा वाचू?"

दुपारी बाक लाथाडला. पण स्वतः उठून माझ्याकडे आली. पाणी प्यायली. सात मिनिटांत शांत. गेल्या आठवड्यात चाळीस लागली होती. सगळं वहीत लिहिलं, बाकाचंसुद्धा. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय – नाहीतर ती सुधारली हे कोण मानेल?

मंगळवार, ९ सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतरची चाचणी. गणितात वीसपैकी नऊ. मागे दोन होते. पेपर द्यायला शेखर सर स्वतः आले. "कॉपी नाही. मी मागेच उभा होतो."

तिच्या आईला मेसेज टाकला. उत्तर सव्वासातला आलं. हात जोडलेलं चित्र, सलग सहा वेळा.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

आज संस्थेची मीटिंग. दरवर्षी सप्टेंबरात नववीच्या यादीवर खुणा होतात. आठवीपर्यंत कायदा पोराला काढू देत नाही आणि दहावीचा निकाल गेटवरच्या बोर्डावर लावायचा असतो – शंभर टक्के. म्हणून साफसफाई नववीत. कच्च्या पोरांच्या पालकांना बोलावून दाखला हातात द्यायचा. सतरा नंबरचा फॉर्म भरा म्हणायचं, बाहेरून दहावीला बसा म्हणायचं. दरवर्षी दोन-तीन जातात. मला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी कधी तोंड उघडलं नाही.

या वर्षी साक्षी.

टेबलावर माझी वही होती. पूनम मॅडमनी पिवळ्या चिठ्ठ्या लावून आणली होती. "ओरडली – अकरा वेळा. बाक लाथाडला – तीन वेळा. न विचारता वर्ग सोडला – नऊ वेळा. प्रत्येक नोंदीखाली वर्गशिक्षिकेची सही आहे."

म्हटलं, पुढची ओळ वाचा. न विचारता यायचं हे तर आपलंच ठरलं होतं. सात मिनिटांत शांत झाली, ते वाचा. नऊ मार्क वाचा.

उद्धवराव संस्थेचे अध्यक्ष. शाळा उभी आहे ती जमीन त्यांच्या आजोबांची. शांतपणे म्हणाले, "बाई, आमी यातलं कायबी लिवलं न्हाई. तुमीच लिवलंय. व्हय का न्हाई?"

व्हय.

वाचवायला लिहिली होती वही. तिच्या वाईटावर असलेल्या माणसानंही एवढं तारीखवार लिहिलं नसतं. मॅडमनी अट घातली तेव्हाच हे ठरलं होतं का? की नंतर सुचलं? आता काय फरक पडतो? कोलीत मीच हातात दिलं.

शनिवार, १३ सप्टेंबर

शेखर सर आपणहून मॅडमकडे गेले. "मुलगी मार्गावर येतेय, राहू द्या," म्हणाले. पाच मिनिटांत बाहेर. पुढच्या वर्षी एक तुकडी कमी होणार, एक शिक्षक जादा ठरणार, हे मॅडमनी त्यांना सहज सांगितलं.

दुपारी मलाही सहज सांगितलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

शिक्षण खात्याकडे तक्रारीचा अर्ज लिहिला. दोन पानं, नावानिशी. पर्समध्ये आहे. साक्षीच्या आईची सही लागेल. दिवसभर फोन बंद – गेटवर जमा.

संध्याकाळी तिचाच आला.

"बाई, मोठ्या मॅडमनी सकाळीच बोलावलं व्हतं. म्हणल्या, तुमच्या मर्जीनं अर्ज द्या, म्हंजी दाखल्यावर वाईट काय येणार न्हाई. दुसरी शाळा घेईल. दिला मी सही करून. बरं केलं ना?"

मी म्हटलं, "बरं केलंत."

पर्समधल्या अर्जाचं बोलले नाही. ती सही करते म्हणाली असती तर मी तक्रार घेऊन गेले असते का? गेले असते, असं इथे लिहिणं सोपं आहे.

मंगळवार, १६ सप्टेंबर

कारकून रजेवर. दाखला मला लिहायला सांगितला. शाळा सोडण्याचं कारण – पालकांची विनंती. अभ्यासातील प्रगती – समाधानकारक. वर्तणूक – चांगली. सगळ्यांच्याच दाखल्यावर तसं लिहितात.

साक्षी टेबलापलीकडून उलटं वाचत होती. "बाई, वर्तणूक चांगली लिहिलीय. मग काढलं कशाला?"

मी खाली सही केली आणि दाखला शिक्क्यासाठी आत पाठवला.